सेफ्टीकाकांचा टॉर्च

लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर माणसं आधी नवरानवरी कुठे आहेत ते बघतात. काही जण आधी जेवणाचा अंदाज घेतात. आमचे सेफ्टीकाका आधी बाहेर पडायचं दार बघायचे. ते कुठल्या बाजूला उघडतं, त्याच्यासमोर कोणी खुर्च्यांची चळत लावून ठेवली आहे का, कडी आतून आहे की बाहेरून, एवढी चौकशी झाल्याशिवाय ते अक्षता हातात घेत नसत. आमच्याच सोसायटीतल्या एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना केटररच्या माणसांना मागच्या दारासमोरचे भांड्यांचे क्रेट हलवायला लावले. नवरीचा मामा तणतणत आला. काका शांतपणे म्हणाले, "मामा, भाची तुमची आहे. दार सगळ्यांचं आहे." क्रेट हलले, मगच काकांनी अक्षता टाकल्या.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्त झाल्यावर ते आणि काकू बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, आमच्या सोसायटीत राहायला आले. तिसरा मजला, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर उघडणारी गॅलरी. त्यांचं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. कंपनी सुटली तरी काकांच्या डोक्यातली खाती सुटली नव्हती. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे 'प्रशासन'. मी उल्हासनगरला एका फर्निचरवाल्याकडे हिशेब बघते, म्हणून मी 'अकाउंट्स'. रिकामी बाटलीसुद्धा न टाकणाऱ्या काकू म्हणजे 'स्टोअर्स'. काकू म्हणायच्या, "आणि हे स्वतः कोण, ते विचार. कटकट खातं."

या कटकट खात्याचं मुख्य हत्यार म्हणजे त्यांचा टॉर्च. जेवणाच्या डब्याएवढा, केशरी अंगाचा, वर मूठ असलेला, चार्जिंगचा टॉर्च. आतला दिवा जुन्या पद्धतीचा, पिवळ्या उजेडाचा. हल्लीचे टॉर्च पांढराफेक उजेड सांडतात, त्यात पायाजवळचं सगळं दिसतं आणि लांबचं काहीच दिसत नाही. काकांच्या टॉर्चचा झोत सुईत ओवायच्या दोऱ्यासारखा सरळ जायचा. दर शनिवारी संध्याकाळी ते गॅलरीत उभे राहून तो एकदा पेटवून बघायचे आणि मग चार्जिंगला लावायचे. श्रावण असो की शिमगा, त्यात खंड नाही. "शनिवारी मारुतीला तेल आणि टॉर्चला करंट," असं ते म्हणायचे. "मारुती एखादा शनिवार माफ करेल. हा नाही करणार."

हा झोत जायचा कुठे, तर त्या मोकळ्या प्लॉटपलीकडच्या दुमजली चाळीत, तळमजल्यावरच्या इंदूताईंच्या खिडकीवर. इंदूताई ब्लाउज शिवतात. मांजर्लीत ज्या बाईचा ब्लाउज खांद्यावर नीट बसलेला दिसेल तो इंदूताईंनी शिवलेला समजावा. त्या एकट्या राहतात. जन्मापासून त्यांना ऐकू येत नाही, बोलताही येत नाही, सगळा व्यवहार हातांच्या खुणांनी. मशीन पुढच्या खिडकीपाशी आणि नाला चाळीच्या मागे. नदी चढली की पाणी त्या नाल्यातून, पाठीमागून येतं. म्हणजे ते इंदूताईंना दिसत नाही, आणि लोकांचा आरडाओरडा ऐकू येत नाही. मांजर्लीतल्या माणसाला पुराचं नवल सांगायला नको. आम्हाला 'नदीकिनारी, निसर्गाच्या कुशीत' म्हणून फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरने स्वतःचा बंगला मात्र लांब, उंचावर बांधला. असो, तो राग वेगळा, त्याला वेगळा दिवस काढावा लागेल.

एका मोठ्या पुरात इंदूताई खोलीत कंबरभर पाण्यात अडकल्या होत्या. पाणी ओसरल्यावर काका त्यांच्याकडे गेले आणि खाणाखुणा करून त्यांनी एक पद्धत ठरवली. आमचं गेट चाळीपेक्षा सखल, पाणी आधी तिथे चढतं, म्हणून त्याच्या खांबावर त्यांनी लाल पट्टा रंगवला. पाणी पट्ट्याला टेकलं की काकांनी गॅलरीतून पिवळा झोत इंदूताईंच्या खिडकीवर टाकायचा. इंदूताईंनी लाल फडकं खिडकीबाहेर हलवायचं, म्हणजे 'समजलं'. मग मशीनचं डोकं सोडवून माळ्यावर, गिऱ्हाइकांचं कापड गाठोड्यात, आणि त्या स्वतः वरच्या मजल्यावर. दर शनिवारी याची तालीम व्हायची. इकडून झोत, तिकडून फडकं. इंदूताईंनी काकांना नावही दिलं होतं. मूठ मिटायची आणि झटकन बोटं उघडायची. म्हणजे उजेड, म्हणजे काका.

"मोबाइल आहे की," असं म्हणणारे शहाणे भेटतात. आमच्याकडे पाणी आलं की आधी वीज जाते आणि तिच्या पाठोपाठ नेटवर्क जातं. नाही गेलं तरी इंदूताईंचा मोबाइल कापडाच्या ढिगाखाली थरथरत पडलेला असतो. आणि खिडकीवर पांढरे उजेड तर सारखेच पडतात, गाड्यांचे, मोबाइलचे, टवाळ पोरांचे. त्यांच्यासाठी इंदूताई शिलाईवरून नजरही उचलत नाहीत. पिवळा उजेड एकच होता.

आणि एका वर्षी होळीनंतर तो गेला. टॉर्च चार्जिंगवरून काढला की जेमतेम डोळा उघडायचा आणि मिटायचा. बॅटरी संपली होती, एवढंच. काकांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"सर, आपका प्रॉडक्ट डिस्कंटिन्यू हो गया है," पलीकडची मुलगी म्हणाली.

"प्रॉडक्ट माझ्या हातात आहे, बाई. मी बॅटरी मागतोय."

"सर, बॅटरी अब नहीं आती. आप हमारा नया मॉडल देखिए, उसमें एफएम रेडिओ भी है."

काकांनी फोन बंद केला. "पुरात रेडिओ," एवढंच ते म्हणाले.

मला या 'बंद झालं' शब्दाचा मनस्वी राग आहे. जणू वीज पडली आणि बंद झालं. बंद होत नाही काही, कोणीतरी खुर्चीत बसून ते बंद करतो. मिक्सरचं भांडं मिळत नाही, मिक्सर टाका. छत्रीची काडी मोडली, छत्री टाका. माझ्या आईच्या पाट्याला टाकी लावायला बाई दारावर यायची, पाटा गुळगुळीत झाला म्हणून नवीन पाटा घ्या असं तिने कधी सांगितलं नाही. आम्ही बदलापूर स्टेशनजवळची दुकानं पालथी घातली, अंबरनाथला काकांच्या जुन्या ओळखीच्या दुकानात गेलो. तिथे आता मालकाचा मुलगा बसतो. त्याने टॉर्च हातात घेऊन कौतुकाने फिरवला. "काका, हा अँटिक झाला. शोकेसमध्ये ठेवा," तो म्हणाला. काकांनी टॉर्च त्याच्या हातातून काढून घेतला आणि दुकानाबाहेर येऊन मला म्हणाले, "याच्या बापाला मी ओळखतो म्हणून गप्प बसलो."

मी बॅटरी ऑनलाइन मागवून पाहिली. फोटोत हुबेहूब, हातात आली ती ढोली, टॉर्चच्या पोटात शिरेना. कंपनीने टॉर्चचं पोट असं उंच आणि अरुंद केलं होतं की फक्त तिचीच बॅटरी त्यात बसावी, आणि मग तिने ती बॅटरी बनवायचं थांबवलं. याला मराठीत काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे, पण छापण्यासारखं नाही.

शेवटी थकून मी म्हटलं, "काका, नवीन पांढरा टॉर्च घेऊ आणि इंदूताईंना नवी खूण शिकवू."

"आमच्या प्लांटमध्ये एकदा सायरन बदलला," काका म्हणाले. "नवा, गोड आवाजाचा. नोटीस लावली, सह्या घेतल्या. आणि खरोखर गळती झाली तेव्हा निम्मे लोक चहा पीत बसले होते. त्यांना वाटलं, कॅन्टीनची घंटा. माणसाला जीव वाचवायची खूण एकदा दिली की ती बदलायची नसते, अकाउंट्स."

मला वाटलं, यांना वस्तूपेक्षा स्वतःचंच वाईट वाटत असावं. म्हणून मी गोड बोलायला गेले, "काका, जुनी माणसं काय आणि जुन्या वस्तू काय, त्यांची सर नव्याला नाही."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मला बॅटरीच्या पंगतीला बसवू नकोस. माझं काय ते डॉक्टर बघतील. पाऊस येतोय, आणि त्या बाईच्या खिडकीवर टाकायला माझ्याकडे उजेड नाही. तेवढंच बोल."

मग मी त्यांना उल्हासनगरला नेलं. जे कुठे मिळत नाही ते उल्हासनगरला मिळतं, असं आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. काका कापडी पिशवीत टॉर्च घेऊन माझ्या ऑफिसच्या गल्लीतल्या एकेका दुकानाची पायरी चढत होते. एक वयस्कर सिंधी शेठ भला माणूस होता. त्याने टॉर्च उघडून पाहिला, जुनी बॅटरी बाहेर काढली, मान हलवली. "साईं, ये माल अब नहीं आता. बॉडी फेंक दो, नया देता हूँ, गॅरंटी के साथ."

"चपलेचा अंगठा तुटला म्हणून कोणी पाय टाकतं का?" काकांनी मराठीत विचारलं.

शेठला मराठी चांगलं येत होतं. तो खो-खो हसला आणि त्याने आम्हाला चहा पाजला. आम्ही चहा पिऊन, बॅटरीशिवाय बाहेर पडलो.

बदलापूरला उतरल्यावर मी कोथिंबीर घ्यायला थांबले. भाजीवाली बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणारी, माझी रोजची. तिचा वजनकाटा मध्येच बंद पडला, म्हणून तिने तो पालथा घातला, खालचं झाकण काढलं आणि आतली बॅटरी ठोकून पुन्हा बसवायला लागली. काळी, उंच, अरुंद. माझा हात कोथिंबिरीवरच राहिला.

"काट्यात काय बगतेस गो बाय?" ती म्हणाली. "वजन बराबर हाय माजा."

काका तोवर तिच्या टोपल्यांमध्ये उकिडवे बसले होते. पिशवीतून आपली मेलेली बॅटरी काढून त्यांनी तिच्या बॅटरीशेजारी उभी धरली. सारखी उंची, सारखी जाडी. "बाई, ही कुठून आणलीत?"

"काटेवाल्याकडना आनली. उल्हासनगरास."

म्हणजे आम्ही सगळीकडे टॉर्चची बॅटरी मागत होतो, आणि ती मुकाट्याने भाजीच्या टोपल्यांत बसली होती. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फळीवरून एक खोकं काढून फुंकर मारली. "जिस काँटे में लगती है वो काँटा भी बंद हो गया, चाचा. ये आख़िरी पीस है." काकांनी तिथेच ती चार्ज करून, टॉर्चमध्ये घालून, पेटवून पाहिली. तिथल्या तिथे समोरच्या दुकानाच्या पाटीवर पिवळा ठिपका पडला.

बॅटरी पोटात किंचित हलत होती, तर काकूंनी कसल्याशा खोक्यातून जपून ठेवलेला स्पंजचा तुकडा आणून दिला. "बघा, स्टोअर्स कामाला आलं," त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी काकांनी गॅलरीतून झोत टाकला. पलीकडे काही क्षण काहीच झालं नाही. मग खिडकीतून लाल फडकं बाहेर आलं आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ हलत राहिलं. काका टॉर्च बंद करायचं विसरून गेले होते.

इथपर्यंत सगळं छान झालं. पुढचं सांगताना अजून माझं डोकं तापतं.

ज्येष्ठात काकांच्या छातीत दुखायला लागलं. पुण्याहून मुलगा आला आणि त्यांना ऑपरेशनसाठी घेऊन गेला. जाताना काकांनी टॉर्च प्रशासनच्या हवाली केला, कारण ते दिवसभर सोसायटीच्या ऑफिसात असतात आणि मी सकाळी गेलेली रात्री उगवते. गाडीत बसताबसता काकांनी पुन्हा बजावलं, "दर शनिवारी. आधी पेटवायचा, समोरचं फडकं बघायचं, मग चार्जिंग." प्रशासन म्हणाले, "निश्चिंत जा काका."

आणि प्रशासननी काय केलं, तर कमिटीची बैठक घेतली. बैठकीत असं ठरलं की बॅटरी इतक्या मुश्किलीने मिळाली आहे, शेवटचा नग आहे, तो दर शनिवारी उगाच खर्ची घालू नये. टॉर्च पुराच्या वेळेलाच काढावा. मग तो पुसून, दोन पिशव्यांत गुंडाळून, वर रबर लावून ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद झाला. आमच्या लोकांना चांगल्या वस्तूचं एवढंच करता येतं, ती कपाटात ठेवता येते. रिमोटवरचं प्लास्टिक काढायचं नाही, चांगले कप पाहुण्यांना, चांगली चादर कोणी आजारी पडून डॉक्टर घरी आले तर. मी मध्ये एकदा प्रशासनना जिन्यात विचारलं, टॉर्च ठीक आहे ना. ते अभिमानाने म्हणाले, "एकदम. कोणाला हात लावू दिलेला नाही." मी समजले, पोरांना लावू देत नसतील.

प्रशासन वाईट माणूस नाही. हेच तर जास्त चीड आणणारं आहे. वाईट माणसावर धड रागावता तरी येतं.

आषाढातल्या एका सुट्टीच्या दिवशी भर दुपारी दिवेलागणीसारखा अंधार झाला. वीज गेली, नेटवर्क गेलं, आणि बघता बघता गेटच्या खांबावरच्या लाल पट्ट्याला पाणी टेकलं. काकांच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. प्रशासन टॉर्च घेऊन धावत वर आले, गॅलरीत त्यांनी रबर काढलं, एक पिशवी काढली, दुसरी काढली. बटण दाबलं. आतली तार लालसर झाली, उदबत्तीच्या टोकाएवढी, आणि विझली. पुन्हा दाबलं. काही नाही.

कोणीतरी पांढरे टॉर्च आणले, मोबाइल आणले. सगळ्यांनी मिळून त्या खिडकीवर उजेडाचा मारा केला. काकांच्या गॅलरीतून आम्हाला इंदूताई स्पष्ट दिसत होत्या. पायाच्या मशीनवर, मान खाली. एकदा त्यांनी कपाळावर आडवा हात धरला, टवाळ पोरांना वैतागल्यासारखा, आणि खिडकीचं एक दार ओढून घेतलं. आम्ही तरीही हाका मारत होतो. ज्या बाईला जन्मात काही ऐकू आलं नाही तिला आम्ही पंधरा-वीस माणसं घसा फोडून हाका मारत होतो.

प्रशासन खाली धावले, मी त्यांच्या मागे. वॉचमनने गेटच्या खांबाला दोर बांधला आणि आम्ही दोर धरून प्लॉटमधल्या पाण्यातून गेलो. आम्ही पोचलो तेव्हा इंदूताई मांडीपर्यंत पाण्यात होत्या आणि जिवाच्या आकांताने कापड गोळा करत होत्या. मागचं दार पाण्याच्या लोटाने उघडलं होतं. मशीनचं डोकं सोडवायला हात घातला, पण ते जाम झालं होतं. आम्ही त्यांना अक्षरशः ओढून जिन्यावर नेलं. मंगळागौरीचे शिवायला आलेले सगळे ब्लाउज, लोकांच्या लेकीसुनांचं रेशीम, गढूळ पाण्यात तरंगत राहिलं.

वरच्या खोलीत पोचल्यावर त्यांनी प्रशासनचा ओला शर्ट छातीशी धरला. दुसऱ्या हाताची मूठ मिटली, त्यांच्या तोंडासमोर बोटं उघडली, आणि काकांच्या गॅलरीकडे बोट दाखवलं. उजेड कुठे आहे. पुन्हा मूठ, पुन्हा बोटं, पुन्हा गॅलरी. वरच्या बिऱ्हाडातल्या बाई म्हणाल्या, "काका पुण्याला गेल्यापासून दर शनिवारी ती फडकं हातात घेऊन खिडकीत उभी असते हो. उजेड येत नाही म्हणून किती वेळ उभी असते."

काका भाद्रपदात परत आले, अर्धे होऊन. तिसरा मजला चढायच्या आधी ते प्लॉट ओलांडून इंदूताईंकडे गेले आणि त्यांच्या दारात हात जोडून उभे राहिले. इंदूताईंनी त्यांना भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली. मग त्यांना स्टुलावर बसवून पाणी दिलं.

सोसायटीच्या सभेत काका पहिल्या रांगेत बसले. आवाज चढवायला डॉक्टरांनी मनाई केली होती, त्यामुळे ते इतकं हळू बोलले की पंखे बंद करावे लागले.

"प्रशासन, टॉर्चचं काय केलंत?"

"काका, जपून ठेवला होता. एवढ्या मुश्किलीने मिळालेली बॅटरी, म्हटलं संपायला नको."

"ती वापरून संपत नाही. पडून संपते. मी शनिवार कशाला पाळत होतो? मारुतीसाठी?" ते श्वास घ्यायला थांबले. "बॅटरी गेली, जाऊ दे. ती कधीतरी जाणारच होती. ती बाई दर शनिवारी खिडकीत उभी राहत होती. एवढी मोठी सोसायटी, एवढ्या गॅलऱ्या. एकाला मान वर करून समोर बघता आलं नाही?"

त्या न बघणाऱ्यांत मीही होते. प्रशासननी नंतर इंदूताईंचं मशीन स्वतः उल्हासनगरला नेऊन दुरुस्त करून आणलं आणि ब्लाउजांच्या मालकिणींच्या शिव्याही घरोघर जाऊन स्वतःच खाल्ल्या, हे मान्य केलं पाहिजे.

काटेवाल्याकडे दुसरी बॅटरी नव्हती. मग काकांनी एक दिवस मला बाजारातून सगळ्यात जोरदार झोताचा पांढरा टॉर्च आणायला सांगितला. तो घेऊन आम्ही इंदूताईंकडे गेलो. खूण बदलायची नसते म्हणणारा माणूस खूण बदला म्हणून सांगायला चालला होता.

इंदूताईंनी टॉर्च हातात घेतला, पेटवला, तोंड वाकडं केलं. काका हातवारे करत राहिले, त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी अस्तराच्या कापडांचं गाठोडं सोडलं. ब्लाउजला मॅचिंग बघतात तसा एकेक पिवळा तुकडा काचेवर धरून त्या बघू लागल्या. लिंबाचा नको, केळ्याचा नको. हळदीचा धरला आणि मान डोलावली. काचेच्या मापाने गोल कापला, कडेने इलॅस्टिक घातलं, आणि दुधाच्या पातेल्याला फडकं बांधावं तशी ती टोपी टॉर्चच्या तोंडाला चढवली. मग त्यांनी टॉर्च काकांच्या हातात दिला आणि त्यांना गॅलरीकडे पिटाळलं.

काका जिने चढून धापा टाकत वर आले. त्यांनी बटण दाबलं. झोत थोडा मऊ झाला होता, पण पोचला, आणि पिवळा पोचला. पलीकडे लाल फडकं हललं.

"खूण तीच राहिली," काका म्हणाले. खुर्चीत बसून त्यांनी घाम पुसला. "तरी त्या कंपनीला मी सोडणार नाही." आणि नाही सोडलं. मदत क्रमांकावरच्या मुली पुढेपुढे त्यांचा आवाज ओळखायच्या आणि तब्येत विचारायच्या. बॅटरी मात्र कोणी दिली नाही.

दिवाळीनंतर मुलाने हट्टाने दोघांना पुण्याला नेलं. तिथे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, नदी लांब आहे. सगळं खरं, पण मला तेव्हा त्या मुलाचा रागच आला. टॉर्च या वेळी ऑफिसात गेला नाही, माझ्या हातात आला, टोपीसकट आणि घराच्या किल्लीसकट. मेलेला केशरीही काकूंनी माझ्याकडेच ठेवला, टाकायचा नाही या बोलीवर. काका म्हणाले, "हा कपाटात आहे असं कानावर आलं, तर मी पुण्याहून येईन." उतरताना गेटपाशी थांबून त्यांनी खांबावरचा लाल पट्टा नखाने खरवडून पाहिला. "रंग जायला लागलाय," ते म्हणाले, आणि गाडीत आधी दाराची कडी कशी उघडते ते बघून मग बसले.

संक्रांतीनंतर काकूंचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाल्या. लोक म्हणतात, चांगलं मरण आलं. मला नाही पटत. जो माणूस कुठेही शिरला की आधी बाहेर पडायचं दार बघायचा, त्याला असं न सांगता, न विचारता बाहेर काढायचं, यात चांगलं काय आहे?

मी इंदूताईंना सांगायला गेले. त्या काजं करत होत्या. सांगायचं कसं, हे मला दारात उभी राहीपर्यंत सुचलं नव्हतं. काकांचं नाव तेवढं मला येत होतं. मी मूठ मिटली, बोटं उघडली. त्यांनी हसून मान हलवली, काय म्हणतात काका. मग मी बोटं हळूहळू मिटली, आणि मूठ तशीच ठेवली.

त्या माझ्या मुठीकडे बघत राहिल्या. हातातली सुई त्यांनी कापडात टोचून ठेवली. मग उठून माझ्याजवळ आल्या, माझं मनगट घट्ट धरलं, आणि माझी मिटलेली बोटं एकेक करून उघडायला लागल्या. मला दुखलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर मात्र असा राग, जणू मी काहीतरी भलतंच बोलले होते. पाचही बोटं उघडून झाल्यावर त्यांनी माझा हात तसाच उघडा धरून काकांच्या गॅलरीकडे वळवला, आणि मला दाराबाहेर ढकललं.

घरी येऊन मी काकांची गॅलरी उघडली आणि झोत टाकला. बराच वेळ खिडकीत नुसत्या इंदूताईच दिसत होत्या. मग लाल फडकं बाहेर आलं. तो शनिवार नव्हता, तरी मी टॉर्च चार्जिंगला लावला.